वाढीव दोन इंच

शिंप्याने दिलेल्या तारखेवर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. म्हैसुरात विठ्ठलाच्या देवळामागच्या गल्लीत शिंप्यांची ओळीने अकरा दुकानं आहेत. त्यांतल्या दहा दुकानांत ‘शुक्रवारी या’ याचा अर्थ शुक्रवारी येऊन भांडून जा, म्हणजे सोमवारी कापड कात्रीखाली जाईल, असा असतो. अकरावं दुकान नरहरीचं. हा माणूस तारीख द्यायला दोन मिनिटं घेतो, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो, ओठ न हलवता काहीतरी मोजतो, आणि मग जो दिवस सांगतो त्या दिवशी कपडा इस्त्री होऊन, घडी घालून ठेवलेला असतो. बाकीच्या दहांना त्याचा मनापासून राग येतो, आणि मला विचाराल तर त्यात त्यांचं काही चुकत नाही. असा एक माणूस गल्लीत असला की बाकीच्यांना जगणं कठीण होतं.

त्यामुळे मुलीच्या डॉक्टरांनी जेव्हा तारीख सांगितली, अठरा जानेवारी, संक्रांतीनंतरचा चौथा दिवस, तेव्हा नरहरीने ती पक्की गाठीला बांधून घेतली. त्या दिवशी अमूल्याची शेवटची गोळी.

अमूल्या त्याची एकुलती एक मुलगी. चार वर्षांची असताना तिला रक्ताचा कॅन्सर झाला. सुरुवातीचे आठ महिने सुया, सलाइन, ताप आणि उलट्या यांत गेले. त्यांबद्दल नरहरी आजही बोलत नाही आणि आपणही बोलू नये. त्यानंतर आजार आटोक्यात आला, केस परत उगवले, आणि घरी गोळ्यांचा लांबलचक टप्पा सुरू झाला. महिन्यातून एकदा दवाखान्यात रक्त तपासायचं, एक इंजेक्शन घ्यायचं, आणि रोज संध्याकाळी घरी गोळी. ऐकायला सोपं वाटतं. पण रोज म्हणजे रोज, दीड वर्षाहून अधिक, दिवाळी नाही, दसरा नाही, सर्दी नाही, पाहुणे नाहीत.

सव्वासात वाजले की नरहरी मशीन थांबवायचा. समोर कोण आहे हे त्याला दिसत नसे. एकदा हुणसूरहून आलेला एक नवरदेव एका हाताला बाही टाचलेली आणि दुसऱ्या हाताला नाही अशा अवस्थेत पंचवीस मिनिटं आरशासमोर उभा राहिला होता. नरहरी दुकानामागच्या घरात जाऊन हात धुवायचा, हातमोजे घालायचा, गोळी कापायच्या छोट्या डबीत गरजेपुरता तुकडा करायचा आणि ठीक साडेसातला अमूल्यासमोर बसायचा. एकही संध्याकाळ चुकली नव्हती. याचा त्याला जरा जास्तच अभिमान होता. त्याची बायको रक्षिता, जी घरी बसून साड्यांना फॉल लावते आणि फार कमी बोलते, एकदा म्हणाली होती, “गोळी तुम्ही देता खरं, गिळते ती.”

हे वाक्य नरहरीने त्या वेळी मनावर घेतलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या गोळ्यांची मात्रा मुलाच्या वजनावर आणि उंचीवर ठरते, त्यामुळे दर तीन महिन्यांनी दोन्ही मोजून फाइलमध्ये लिहितात. ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याच्या आधी, असाच एक दिवस होता. गर्दी होती. अमूल्या झोपेतून उठवलेली होती आणि तिचं बिनसलं होतं. वजनाच्या काट्यावर ती कशीबशी उभी राहिली, पण उंचीच्या पट्टीसमोर काही केल्या सरळ होईना, बापाच्या खांद्याला चिकटून बसली. नर्सबाई म्हणाल्या, पर्वागिल्ला, असू दे, पुढच्या वेळी घेऊ. पण पुढच्या वेळी हा शब्द नरहरीच्या कोशात नाही.

“सिस्टर, मी शिंपी आहे,” तो म्हणाला. “सकाळीच माप घेतलंय. सेहेचाळीस इंच. लिहा.”

नर्सबाईंनी हसून इंचांचे सेंटिमीटर केले आणि लिहून टाकलं. त्या जागी मी असतो तर मीही लिहिलं असतं. शिंप्याने सांगितलेली तारीख कुणी मानत नाही, पण त्याने सांगितलेलं माप कोण नाकारणार?

नोव्हेंबरच्या पहिल्या बुधवारी रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी खूप खाली. असं मधूनमधून होतं हे नरहरीला माहीत होतं. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, आठवड्याने परत या म्हणाल्या. आठवड्याने पेशी वर यायला हव्या होत्या. त्या आणखी खाली गेल्या, आणि आता प्लेटलेटही कमी झाल्या.

डॉक्टरांचं नाव विभावरी. बारा वर्षांपूर्वी नाशिकहून इथे आल्या. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ आहे की नरहरीच्या आईला, म्हणजे शांताक्कांना, त्या बोलायला लागल्या की रेडिओ लागल्यासारखं वाटतं. त्या दिवशी रेडिओ हळू वाजत होता. “अजून एक आठवडा थांबू,” विभावरी म्हणाल्या. “पुढच्या बुधवारीही वाढल्या नाहीत, तर कमरेच्या हाडातून नमुना घेऊन बघावं लागेल.”

कमरेच्या हाडातून नमुना कशासाठी घेतात हे त्या घरात कुणाला सांगायची गरज नव्हती. आजार पहिल्यांदा सापडला तो तिथेच. परत आला असेल तर तिथेच दिसेल. शेवटच्या गोळीला नऊ आठवडे उरले होते आणि ही वेळ आली होती. घरी येताना रिक्षात अमूल्या मात्र खुशीत होती, कारण दुसऱ्या आठवड्यातही गोळी नाही हे तिने बरोबर ऐकलं होतं.

“संपलं ना, अप्पा?” तिने विचारलं.

नरहरी बाहेर बघत राहिला. त्याने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी सव्वासातला सवयीने मशीन थांबलं आणि नरहरीला हातांचं काय करावं ते कळेना. हातमोजे घालायचे नव्हते, डबी उघडायची नव्हती. पंधरा मिनिटं नुसतं बसणं त्याच्याने होईना. थंडी पडायला लागली होती. त्याने फ्लॅनेलचा एक तुकडा काढला आणि अमूल्याला लांब बाह्यांच्या फ्रॉकसाठी माप द्यायला उभं केलं. खांदा, छाती, बाही. शेवटी ती म्हणाली, मी सगळी किती आहे तेही मोज. म्हणून त्याने तिला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं आणि डोक्यापासून टाचेपर्यंत टेप सोडला.

चव्वेचाळीस.

त्याने परत मोजलं. चव्वेचाळीस. आजारी मूल वजनाने उतरतं, उंचीने उतरत नाही. टेप धरून तो टाचेपाशी बसलेलाच होता, आणि तेव्हा त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. सेहेचाळीस इंच. लिहा.

यात फसवणूक नव्हती, निष्काळजीपणाही नव्हता. ही सवय होती. नरहरी बारा वर्षांचा असताना त्याचे वडील गंगाधरराव यांनी त्याला पहिली गोष्ट शिकवली ती ही की लहान मुलाचं माप वहीत कधी आहे तेवढं लिहायचं नाही. दोन इंच वाढवून लिहायचं. मूल वाढतं, कापड वाढत नाही. सत्तावीस वर्षं नरहरीने मुलांची मापं अशीच लिहिली, अशीच पुकारली. टेपवर चव्वेचाळीस दिसले की जीभ आपोआप सेहेचाळीस म्हणते. मधे डोकं येतच नाही. त्या दिवशी सकाळी त्याने चव्वेचाळीसच मोजले होते. दवाखान्यात बोलला तो शिंपी.

मग एकेक टाका पुढे पडत गेला. उंची जास्त सांगितली, म्हणून मात्रा जास्त लिहिली गेली. मात्रा जास्त, म्हणून औषध जास्त झालं. औषध जास्त, म्हणून पेशी पडल्या. म्हणजे आजार परत आलेला नाही.

म्हणजे हे मी केलंय.

नरहरी उठून स्वयंपाकघरात गेला तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला होता की रक्षिताच्या हातातला चमचा तसाच राहिला. त्याने एका दमात सगळं सांगितलं. “माझी चूक आहे,” तो म्हणाला. “नक्की माझीच.”

शांताक्का देवासमोर वाती वळत बसल्या होत्या. त्यांना काहीच कळेना. “चूक केलीस म्हणतोस आणि हसतोस काय? डोकं जाग्यावर आहे ना तुझं?”

पण रक्षिताला कळलं. तिने गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिली. आठ दिवसांत पहिल्यांदा तिने पूर्ण श्वास घेतला असावा. मग तिला दुसरी भीती वाटली. “डॉक्टर म्याडमना सांगायचं?”

“बेडा, नको,” शांताक्का लगेच म्हणाल्या. “कशाला सुम्ने, उगाच ओढवून घेतोस? रागावतील, दुसरीकडे जा म्हणतील. पेशी आपोआप वाढतील, अल्वा? गप बसायचं.”

“रागावू देत,” नरहरी म्हणाला. “पायावर डोकं ठेवीन. पण त्यांनी एकदा कागदावर बघून सांगितलं पाहिजे की हे माझ्यामुळेच झालं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुकान उघडलं नाही. गल्लीतल्या दहा दुकानांनी ते पाहिलं आणि त्यांना आनंद झाला नाही, एवढं त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

विभावरी ओपीडीत होत्या. नरहरीने उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. वही, वडील, दोन इंच, नर्सबाईंचा काही दोष नाही, सगळं. विभावरींनी मधे एकदाही अडवलं नाही. त्याचं संपल्यावर त्यांनी फाइल उघडली, कॅल्क्युलेटर घेतला, एक आकडा काढला, मग दुसरा काढला, आणि पेन खाली ठेवलं.

“अमूल्याचे बाबा, बसा,” त्या म्हणाल्या. “दोन इंच म्हणजे पाच सेंटिमीटर. त्यानं दिवसाच्या मात्रेत एका गोळीच्या पन्नासाव्या भागाएवढा फरक पडतो. आम्ही अर्ध्या गोळीपेक्षा बारीक मोजतच नाही. तुम्ही खरी उंची सांगितली असती तरी मी अगदी हीच मात्रा लिहिली असती. तुमच्यामुळे काहीही झालेलं नाही.”

त्यांना वाटलं असेल, माणसाच्या डोक्यावरचा भार उतरला. नरहरीने फाइल त्यांच्याकडे परत सरकवली.

“परत एकदा बघा, म्याडम,” तो म्हणाला. “कुठेतरी असेल माझीच चूक. आकडा मोठा आहे, दोन इंच म्हणजे कमी नाही. दोन इंचात आख्खा सदरा बिघडतो.”

“मी दोनदा बघितलं.”

“तिसऱ्यांदा बघा.”

विभावरींनी तिसऱ्यांदा हिशेब केला नाही. चष्मा काढून फाइलवर ठेवला. त्यांच्या लक्षात आलं होतं. “तुम्हाला काय हवंय ते मला कळतंय,” त्या म्हणाल्या. “तुमची चूक असती तर मी आनंदानं तुम्हाला दोष दिला असता. पण ते कारण नाही. बहुतेक वेळा हे एखाद्या साध्या व्हायरसनं होतं. मागच्या महिन्यात तिला सर्दी झाली होती. तुम्हाला ज्याची भीती वाटतेय त्याची शक्यता सगळ्यात कमी आहे. पण बुधवारच्या आधी ‘नाही’ असं मी म्हणणार नाही. मला येत नाही तसं म्हणता.”

नरहरी हात जोडून बाहेर आला. दवाखान्याच्या मागच्या जिन्यात माणसं कमी असतात. तिथे तिसऱ्या पायरीवर बसून तो ढसाढसा रडला. निर्दोष ठरलेला माणूस इतका रडलेला मी तरी ऐकला नाही. जन्मात पहिल्यांदा त्याला आपण चुकलो नाही याचं दुःख होत होतं. स्वतःची चूक असती तर तो ती उसवून पुन्हा शिवणार होता. ते त्याला येतं. आता उसवायला काही नव्हतं. फक्त बुधवार होता, आणि बुधवारला सहा दिवस होते.

रडून झाल्यावर त्याने नळावर तोंड धुतलं आणि घरी गेला. हाताशी काही नसताना करायच्या गोष्टी त्याने ठरवल्या आणि त्या इतक्या हट्टाने केल्या की घरातली दोघी मेटाकुटीला आल्या. पाणी उकळून, तेही दहा मिनिटं घड्याळ लावून. दर चार तासांनी ताप बघायचा. येलवालहून रक्षिताची बहीण भेटायला आली, तिला थोडा खोकला होता, तर नरहरीने तिला दुकानातच खुर्ची दिली, कॉफी दिली आणि पुढच्या बसने परत पाठवलं. बहीण रागावून गेली. जाऊ दे, तो म्हणाला, जानेवारीत समजूत काढू. रक्षिताने त्या जानेवारीकडे फार निरखून पाहिलं नाही, पण त्याने तो शब्द उच्चारला म्हणून तिला बरं वाटलं.

आणि अमूल्या? ती सुट्टीवर होती. साडेसातला कुणी समोर येऊन बसत नव्हतं, घशात कडू तुकडा अडकत नव्हता. शेजारच्या सुमित्राबाईंना तिने कठड्यावरून ओरडून सांगितलं, माझ्या गोळ्या संपल्या. देवळाच्या पुजाऱ्यांना सांगितलं. फ्लॅनेलच्या फ्रॉकलाही बहुधा सांगितलं असेल. घरातली तीन मोठी माणसं ते ऐकत होती आणि कुणाचंही तोंड उघडत नव्हतं. तिला खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? संपल्या नाहीत, थांबल्यात, आणि का थांबल्यात ते आम्हाला माहीत नाही? नरहरीने रोज ठरवलं आणि रोज टाळलं. तारखेचा पक्का माणूस, पण ही एक गोष्ट त्याने सोमवारवर, मंगळवारवर ढकलली, अगदी त्या दहा जणांसारखी.

बुधवारी सकाळी रक्त दिलं. रिपोर्ट दुपारी दीडला यायचा होता. बाकावर नरहरी आणि रक्षिता यांच्या मधे अमूल्या झोपली होती, डोकं आईच्या मांडीवर, पाय बापाच्या. दोन वाजायला दहा मिनिटं असताना विभावरी स्वतः बाहेर आल्या. डॉक्टर स्वतः बाहेर येतात तेव्हा बातमी एक तर फार चांगली असते किंवा दुसरी. नरहरीला उभं राहता येईना, पायांवर मुलगी होती.

“वाढल्या,” विभावरी म्हणाल्या. “पेशी दुपटीहून जास्त. प्लेटलेटही वर आल्यात. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन मी स्वतः बघितला, सगळं स्वच्छ आहे. व्हायरसच होता. हाडाची तपासणी नको.”

रक्षिताने पदर तोंडाशी धरला. नरहरी म्हणाला, “तारीख?”

“तारीख तीच. अठरा जानेवारी. गोळ्या आजपासून सुरू करा, आधी निम्म्या मात्रेनं.”

“मधले चौदा दिवस राहिले, म्याडम. ते भरून काढतो. थोडे दिवस दुप्पट देऊन...”

“अजिबात नाही,” विभावरी हसून म्हणाल्या, पण बोट उगारून. “गेलेले दिवस गेले. दिवसाला जेवढी लिहिलीय तेवढीच.”

घरी शांताक्कांनी शिरा केला. विठ्ठलाला नैवेद्य दाखवला, त्याच्याशी काहीतरी कडक शब्दांत बोलल्या आणि मग पाया पडल्या. सव्वासातला मशीन थांबलं. नरहरीने हात धुतले, हातमोजे चढवले, डबी उघडली. गोळीचे दोन सारखे भाग करताना त्याला गुणगुणताना रक्षिताने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. साडेसातला तो हसऱ्या चेहऱ्याने मुलीसमोर येऊन बसला.

अमूल्याने चमच्याकडे पाहिलं. मग बापाकडे. दीड वर्षात जे कधी झालं नव्हतं ते झालं. तिने दोन्ही हातांनी तोंड गच्च झाकलं.

“कंदा, बाळा, एवढीच, अर्धी,” शांताक्का शिऱ्याची वाटी घेऊन पुढे आल्या. मान हलली, नाही. रक्षिता जवळ बसली, पाठीवरून हात फिरवला. नाही. डोळे भरून आले होते आणि बोटांच्या आडून आवाज आला, “संपलं होतं. सगळ्यांना सांगितलं मी.”

आजचा दिवस असू दे का, असं रक्षिताच्या चेहऱ्यावर आलं. ते नरहरीने पाहिलं आणि मान हलवली. त्याला खूप वाईट वाटत होतं, त्याहून जास्त स्वतःचा राग येत होता, पण त्या तुकड्यापासून तो तसूभरही हलणार नव्हता. त्याने दोघींना आत जायला सांगितलं. मग चमचा खाली ठेवला आणि मुलीइतका बुटका होईपर्यंत जमिनीवर सरकून बसला.

“संपलं नव्हतं,” तो म्हणाला. “मला माहीत होतं. तू सगळ्यांना सांगत होतीस ते मी ऐकलं आणि गप्प राहिलो. ही माझी चूक आहे. बाकी कशात नसेल, यात आहे. तुझं रक्त थकलं होतं, म्हणून गोळ्या थांबवल्या होत्या. आज ते चांगलं झालं, म्हणून परत सुरू.”

हात तोंडावरच होते, पण ती ऐकत होती.

“किती?” तिने विचारलं.

साखर लावून सांगता आलं असतं. थोड्याच, अगदी थोड्या. “एकसष्ट,” नरहरी म्हणाला. “आजची धरून एकसष्ट संध्याकाळी. मग एकही नाही.”

अमूल्याला शंभरपर्यंत येत होतं. ती भिंतीकडे बघून बराच वेळ काहीतरी करत होती. एकसष्ट कुठे लागतात, किती पुढे आहेत, ते बघत असावी. मग तिने हात काढले, चमचा स्वतः उचलला, तुकडा जिभेवर ठेवला आणि पाण्याचा घोट घेऊन डोळे मिटून गिळला. तोंड उघडून दाखवलं. आणि तळहात पुढे केला.

“उद्याचीपण दे,” ती म्हणाली. “परवाचीपण. मी आजच खूप खाते.”

नरहरीने डबी बंद केली.

“नाही,” तो म्हणाला. “एका दिवसाला एकच. मी पण विचारून बघितलं.”

“मग?”

“म्याडम नको म्हणाल्या.”

अमूल्याने तळहात मिटला, फ्रॉकला पुसला, आणि उरलेलं पाणी पिऊन पेला त्याच्या हातात दिला.

“आयतु, ठीक,” ती म्हणाली. “मग उद्या ये.”